सावरमाळचं कार्ड

हिंगोली सोडली तेव्हा उजाडायला तासभर होता. टपालाची थैली माझ्या पाठीवर होती, आणि गेली बावीस वर्षं ती ज्याच्या पाठीवर असायची तो माझा बा काठी टेकत माझ्यामागून येत होता.

एवढ्यावरून मी टपालवाला होतो असा गैरसमज वाचकांनी करून घेऊ नये. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी हैदराबादेच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आलो होतो. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा पहिला माणूस मी. हे सांगताना मला तेव्हा संकोच वाटत नसे, आजही वाटत नाही. लढाईची वर्षं होती, सरकारी कागद सावकाश फिरत. नोकरीचा हुकूम येईपर्यंत मी घरी बसून होतो. बा टपालाचा हरकारा (गावोगाव पायी टपाल पोचवणारा). आठवड्यातून एक दिवस तो दक्षिणेचे डोंगर चढून वरच्या वस्त्यांवर जायचा आणि दिवस मावळायला परत यायचा. जाऊन-येऊन नऊ कोसांची रपेट. पंधरा दिवसांपूर्वी घाटात पाय घसरून त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. आई मला म्हणाली, "एवढा शिकून आलास, बाचं वझं तरी उचल एक दिस." म्हणून मी निघालो. शिवाय मला ते डोंगर पाहायचेही होते. दहाव्या वर्षापासून मी परगावच्या वसतिगृहांत वाढलो. आमच्या दारातून ते डोंगर निळे दिसत, पण बा वर जाऊन नेमकं काय करतो ते मी कधी पाहिलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर टपालकचेरीत गेलो होतो. बाला वाचता येत नाही. तिथले म्हातारे मुन्शीजी एकेक कार्ड हातात घेऊन नाव आणि वस्ती मोठ्याने सांगायचे. बा ती कार्डं वाटेच्या क्रमाने एकाखाली एक लावायचा. एक वस्ती संपली की मध्ये कडब्याची काडी. वरचं कार्ड पहिल्या दाराचं, तळाचं शेवटच्या दाराचं. बावीस वर्षांत एकही कार्ड चुकीच्या दारात गेलं नव्हतं. मी मध्ये पडलो. म्हटलं, मी बरोबर आहे, मी पत्ते वाचीन, ह्या काड्या कशाला? आणि काड्या उपसून टाकल्या. मुन्शीजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि बाला म्हणाले, "सखाराम, अब तेरी तो छुट्टी हो गई." बा हसला. गठ्ठ्याला सुतळी मात्र त्याने स्वतःच्याच हाताने बांधली.

आश्विनाचा महिना. पाऊस संपत आला होता. वसमतच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी हळदीची रानं लागतात. पहाटेच्या धुक्यात ती रुंद पानं ओली होऊन काळी दिसत होती आणि मातीला कच्च्या हळदीचा उग्र वास येत होता. समोरून धान्याची एक गाडी आली. गाडीवान बाच्या ओळखीचा निघाला. त्याने कंदील वर करून आधी माझ्याकडे पाहिलं.

"सखारामदादा, बॅलिष्टरला वझं घातलं व्हय?"

"बॅलिष्टर स्वताच म्हनला, द्या," बा म्हणाला.

"मंग हे बूट बी त्याचेच का थैलीसंगं सरकारनं दिले?"

दोघं हसले. बूट माझेच होते, हैदराबादेत घेतलेले, आणि मला त्यांचा अभिमान होता. बाच्या पायात टायरसारख्या जाड तळव्याच्या चपला होत्या. त्याने आदल्या रात्री दोनदा सुचवलं होतं की बूट नको. मी ऐकलं नव्हतं.

कोसभराने रस्ता सोडून आम्ही डाव्या हाताच्या पायवाटेला लागलो. उजाडलं तसे डोंगर जवळ आले. लांबून निळे दिसणारे हे डोंगर जवळून तसे नाहीत. काळा दगड, त्यावर पिवळं पडू लागलेलं गवत, मध्ये मध्ये सागाची आणि पळसाची विरळ झाडं. पायथ्याशी एक ओढा आडवा येतो. पाणी गुडघ्याएवढंच, पण खालचे धोंडे शेवाळलेले. बा म्हणाला, "बूट काढ, आन् थैली डोक्यावं घे." मी बूट काढले नाहीत. दगडावरून दगडावर पाय टाकत निघालो, आणि मधोमध घसरून थैलीसकट पाण्यात बसलो.

 पैलतीरावर येऊन बाने थैली उघडली. आतलं मेणकापड जुनं, शिवणीपाशी विरलेलं. पाणी आत गेलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होतो, पण तिथे राग नव्हता. लेकरू तापलेलं असावं तसा तो त्या ओल्या गठ्ठ्याकडे बघत होता. मी म्हटलं, तू बस, गुडघ्याला पाला बांध, कार्डं मी वाळवतो.

उन्हं नुकती खडकावर आली होती. एकेक कार्ड सोडवून मी पसरू लागलो. दोन कार्डं एकमेकांना चिकटली होती. ओढली तेव्हा एकाचा वरचा डावा कोपरा, बोटाच्या पेराएवढा, दुसऱ्याच्या पाठीला चिकटून राहिला. मी तो नखाने खरवडला आणि ओढ्यात टाकला. कार्ड शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं, त्यामुळे अक्षर फुटलं नव्हतं. मजकूर शाबूत, पत्ता शाबूत. मी समाधानाने ते वाचून काढलं. सावरमाळच्या दाजीबाला त्याच्या मुलाने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड होतं ते. लांब कुठेतरी रेल्वेच्या रुळांच्या कामावर आहे, तब्येत खुशाल आहे, दिवाळीला येतो, गंगूने काळजी करू नये. एवढंच.

"वाचू नगंस," बा गुडघ्याला रुईची पानं बांधता बांधता म्हणाला.

"वाळली का ते बघतोय," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने मी गठ्ठा पुन्हा लावला आणि तो माझ्याजवळच ठेवला.

पहिला मुक्काम तांड्याचा (बंजाऱ्यांची वस्ती). ह्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता हे लोक ज्वारी-कापूस पेरतात. तीस-एक झोपड्या, बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि दारादारांत आरशांची कामं केलेले घागरे वाळत घातलेले. तांड्याच्या नायकाच्या बायकोने आम्हांला बाजेवर बसवलं. ज्वारीची जाड भाकरी, लसणाचा ठेचा आणि बकरीच्या दुधाचा गुळाचा चहा असा फराळ झाला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती म्हणाली की शहरात माणसाची जीभच मऊ होते, ह्याला दुधात कालवून द्या. सगळे हसले.

तिथे माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या ज्या दारात कार्ड द्यायचं, तिथे बा आधी पाणी मागायचा. घोटभरच, पण प्यायचा. मी विचारलं, एवढी तहान लागते का? तो म्हणाला, "मी पानी पेलो की त्यास्नी कळतं, वाईट काई न्हाई. मंग कार्ड घ्यायला हात कापत न्हाई त्यांचा."

नायकाने आपलं पत्र मला वाचायला लावलं. मी उभं राहून, वर्गात वाचावं तसं खड्या आवाजात वाचलं. भावाभावांत बैलावरून झालेली काही कुरबूर होती त्यात. सगळा तांडा ऐकत होता आणि नायक खाली बघत होता. बा तेवढा वेळ पाठ फिरवून बसला. तांडा मागे पडल्यावर म्हणाला, "दुसऱ्याचं आपल्या कानावं पडू देऊ नये. पोटात ऱ्हात न्हाई मंग." मी त्याला म्हटलं की लोकांना वाचून दाखवणं ही सेवा आहे. तो काठी टेकत पुढे झाला.

तांड्यापासून घाट सुरू होतो. उन्हं चढली होती. वाट म्हणजे पाण्याने कोरलेली घळ, तीत मोठमोठे धोंडे. दोन्ही अंगांना सीताफळीची झुडपं, फळांचे डोळे नुकते उघडायला लागलेले. एका वळणावर वानरांचा कळप वाटेतच बसला होता. त्यांनी बाला वाट दिली आणि मला पाहून दात विचकले. ओल्या बुटांनी माझ्या टाचा सोलून निघाल्या होत्या. थैलीचे पट्टे खांद्यांत रुतत होते. बा दर शंभर पावलांवर थांबायचा. माझ्यासाठी थांबतो असं दाखवायचा, पण काठीवर सगळा भार टाकून उभा राहायचा तेव्हा त्याच्या कानशिलावरून घाम टपकत असे. बावीस वर्षं हा माणूस दर आठवड्याला हे चढला, आणि त्याने पाठवलेल्या पैशांवर मी जड जड पुस्तकं वाचली. हा विचार मनात आला, नाही असं नाही. पण टाच जास्त दुखत होती.

घाट संपतो तिथे खिंड आहे. एक वडाचं झाड, खाली शेंदूर फासलेला दगड. तिथून सावरमाळ उजव्या हाताला, हाकेच्या थोडं पलीकडे: माळावर वीस-पंचवीस घरं, कुडाच्या भिंती, वर गवताची छपरं. आमची पुढची वाट डावीकडे होती. बा म्हणाला, सावरमाळला एकच कार्ड आहे, तू बस, मी देऊन येतो. मी गठ्ठ्यातून ते कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि बुटाचे बंद सोडायला वाकलो.

तो हलला नाही.

"हे सावरमाळचंच ना?"

"हो. दाजीबा, सावरमाळ."

"नीट बघ पोरा. काल लावताना ध्यानात आलं न्हाई माज्या. दुसऱ्या कुनाचं नसंल?"

"बा, मला वाचता येतं."

मी वर मान करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोज्याला रक्त लागलं होतं, ते बघत होतो. थोड्या वेळाने त्याच्या काठीचा आवाज दूर गेला.

बऱ्याच वेळाने तो परत आला. मी म्हटलं, पाणी प्यायलास का? मान हलवून त्याने नाही म्हटलं आणि न थांबता डावीकडच्या वाटेला लागला. मी बूट हातात घेऊन त्याच्यामागे निघालो. दोनशे पावलं गेलो असू. मागून, सावरमाळकडून, बायकांच्या रडण्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग पुष्कळांचा. माळावर आडोसा नाही, आवाज सरळ अंगावर येतो.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"तुला ठावं. तू वाचलंस."

"काय वाचलं?"

"दाजीबाच्या कार्डात. त्याचा पोरगा गेला ना?"

मी थांबलो. म्हटलं, "बा, त्यात तर खुशाली आहे. तो दिवाळीला येणार आहे."

बाने वळून माझ्याकडे पाहिलं. "मंग कोपरा काहून फाडला व्हता?"

आमच्या भागात कार्डाने मयताची खबर द्यायची तर लिहिणारा कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवतो. वाचता न येणाऱ्यालाही हातात घेताच कळावं, म्हणून. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. हरकारा ते बाईमाणसाच्या हातात देत नाही, उंबऱ्याबाहेर दगडाखाली ठेवतो, पाणी घेत नाही, एक शब्द बोलत नाही, मान खाली घालून निघून जातो. ही रीत मला माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही. माहीत होती. लहानपणी मी तसली कार्डं पाहिली होती. ओढ्यावर तो कोपरा नखाने काढताना ती मला आठवली नाही, एवढंच. मजकूर शाबूत आहे ना, मग पत्र शाबूत आहे, असं मला शिकवलेलं होतं.

मी थैली टाकली आणि अनवाणी पळालो.

दाजीबाच्या अंगणात दहा-बारा बायका जमल्या होत्या. मध्ये एक वीस-बावीस वर्षांची बाई बसली होती, तीच गंगू, दाजीबाची सून. तिचं कपाळ पुसलेलं होतं. एक म्हातारी तिचा डावा हात जात्याच्या कडेवर धरून होती आणि खाली हिरव्या काचेचा खच पडला होता. मनगटातून रक्त येत होतं. ती रडत नव्हती. तिची सासू छाती बडवत होती, आणि रानातून नुकताच धावत आलेला दाजीबा खांबाला धरून उभा होता.

कार्ड उंबऱ्याबाहेर दगडाखाली तसंच होतं. मी ते उचललं आणि ओरडून सांगितलं की तुमचा माणूस जिवंत आहे, ऐका. वाचलं.  पुन्हा वाचलं. "गंगूने काळजी करू नये" हे वाक्य वाचताना गंगूने मान वर केली.

"हा कोन?" कुणीतरी विचारलं.

"हरकाऱ्याचा पोरगा हाय."

दाजीबा शांतपणे म्हणाला, "तुमी शिकल्याले मानसं. आमचं तोंड बघून चांगलं चांगलं वाचून राहिले."

"नाही हो, इथे लिहिलं आहे."

"लिव्हलं असंल. पर सखारामदादानं पानी न्हाई घेतलं."

मी बी. ए. आहे असं मी त्यांना सांगितलं. हे लिहायला आज लाज वाटते, पण सांगितलं. त्या अंगणातल्या एकाही माणसाला अक्षर येत नव्हतं. माझा शब्द पडताळून पाहायचं त्यांच्याजवळ काही साधन नव्हतं. बाच्या न घेतलेल्या पाण्यावर मात्र त्यांचा विश्वास होता. बावीस वर्षांत ते एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

मग बा आला. कसा आला कोण जाणे, गुडघ्यावरचा पाला सुटून पायात लोंबत होता. अंगणात येऊन त्याने डोक्याचा रुमाल काढला आणि दाजीबाच्या समोर जमिनीवर बसला.

"दाजीबा, चूक माजी. कार्डं वड्यात वल्ली झाली. माज्या हातानं कोपरा गेला. पोरगा वाचतो ते बराबर हाय. तुमचा लेक जित्ता हाय."

दाजीबाला ते समजायला वेळ लागला. सासूला लगेच समजलं. ती उठली आणि बाला जे बोलली ते मी लिहीत नाही. त्याच्या हातांबद्दल बोलली, त्याच्या वंशाबद्दल बोलली. तो वंश म्हणजे मी तिथेच उभा होतो. कोपरा मी फाडला, एवढे तीन शब्द माझ्या तोंडात होते. ते मी बोललो नाही. बा मान खाली घालून ऐकत राहिला.

शेवटी दाजीबा म्हणाला, "जित्ता हाय तर पानी घ्या."

बायकांत कुजबुज झाली, पाणी कुणी द्यायचं ह्याची. तेवढ्यात गंगू स्वतःच उठली, आतून तांब्या भरून आणला आणि बापुढे धरला. मनगटाचं रक्त तांब्याच्या गळ्याला लागलं होतं. बाने एका दमात सगळा तांब्या रिकामा केला.

"दादा, खरंच का?" तिने विचारलं.

"खरं हाय, बाई."

एका शेजारणीने म्हटलं की मग आजच बांगड्या भरू, शेजारच्या घरात जोड आहे. सासूने हात आडवा केला. म्हणाली, "जित्ता असंल तर दारात येऊन उभा ऱ्हाईल. तवर काई भरायचं न्हाई, काई लावायचं न्हाई." बाने हात जोडून दोनदा विनवलं. दाजीबाने बायकोकडे पाहिलं आणि बाला म्हणाला, जा आता, उशीर होऊन राहिला.

खिंड ओलांडून मी टाकलेली थैली उचलली. बरीच वाट चालून गेल्यावर मी म्हटलं.

"बा, कोपरा मी फाडला."

"ठावं हाय. कार्डं तुज्याजवळ व्हती."

"मग तू का सांगितलंस, तुझ्या हातानं म्हणून?"

 "तू म्हनला असतास तर त्यास्नी काय कळलं असतं? तुला त्या घरात कोन वळखतं? मला वळखतात. मीच चुकलो म्हनल्याबिगर त्यांचा लेक जित्ता व्हत नव्हता." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "आता न्हाई वळखनार."

शेवटची वस्ती डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होती. तिथे जायच्या आधी बा एका खडकावर बसला आणि उरलेली कार्डं त्याने मागून घेतली. एकेक कार्ड घेऊन चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे परत देताना म्हणाला, "काय लिव्हलंय ते सांगू नगंस. जागची जागी हायेत का तेवढं बघ." सगळी जागच्या जागी होती. एक कडब्याची काडी शोधून त्याने मध्ये घातली.

आम्ही दुसऱ्या, लांबच्या पण सोप्या वाटेने उतरलो. खालून वर पाहिलं तेव्हा उन्हं कलली होती आणि डोंगर पुन्हा निळे व्हायला लागले होते. दिवस मावळताना घरी पोचलो. आईने विचारलं, कसे आहेत डोंगर? मी म्हटलं, चढ फार आहे. बाने दुसऱ्या दिवशी मुन्शीजींना सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि तिथेही स्वतःचंच नाव सांगितलं. मुन्शीजी नुसते चुकचुकले. माझा हुकूम आला तसा मी नोकरीवर गेलो. दिवाळीनंतर बाने मुन्शीजींकडून मला एक कार्ड लिहवून पाठवलं, त्यात घरची हालहवाल आणि शेवटी एक ओळ होती: दाजीबाचा मुलगा आला. ती ओळ मी कितीदा वाचली सांगता येणार नाही. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा मी एकटाच सावरमाळला गेलो. जाताना पायात बाच्या जुन्या चपला होत्या. वैशाखातला तो घाट वेगळाच असतो. गवत जळलेलं, ओढ्यात फक्त धोंडे, पळसाला नवी पालवी, आणि खिंडीतून दिसतो तो प्रदेश थेट औंढ्याच्या बाजूपर्यंत भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. कुणाला हे डोंगर पाहायचे असतील तर त्याने पावसाळा संपता संपता जावं, असं मी सांगेन.

वस्तीत लग्न होतं. दाजीबाच्या शेजारच्या मांडवात बायका जात्यावर हळद दळत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. गंगू त्यांच्यात नव्हती. ती आपल्या ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती, कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिचा नवरा बाजूला दोरखंड वळत होता, चांगला धडधाकट माणूस. मी नाव सांगितलं. मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं, की कोपरा माझ्या हाताने फाटला, बाच्या नव्हे.

"ठावं व्हतं," ती म्हणाली. "तुमच्या बाचे हात तसे न्हाईत."

मी म्हटलं, आता सगळं ठीक झालं, बरं वाटलं. ती हसली. मांडवाकडे हात करून म्हणाली की तिथे हळदीला पाच सवाष्णी लागतात, पाचवी मिळत नव्हती म्हणून खालच्या तांड्याजवळच्या गावातून एक बोलावून आणली. एकदा पुसलेलं कपाळ, नवरा समोर बसला असला तरी कुणी शुभकार्याला बोलवत नाही. ओटी भरायलाही नाही, बारशालाही नाही. नवऱ्याने दोरखंडावरची नजर वर केली नाही.

"तुमी शिकल्याले हायेत," ती सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली. "मला परत त्यांच्यात बसवंल असं काई कार्ड ऱ्हातं का?"

शेजारी जातं फिरत होतं. मी उठलो आणि घाट उतरलो.